लाजेचा आकडा

रोजगार कार्यालयातल्या यंत्रावर बोट ठेवून वैभवी दुसाने बसली होती आणि आकडा अठ्ठावीसवरच अडला होता. चाळीसच्या खाली लाज भरली की बेरोजगार भत्ता बंद. ज्याला लाज वाटत नाही तो नोकरी शोधत नाही, असं सरकारचं मत होतं. वैभवीच्या घरात मात्र तेवढेच पैसे येत होते.

"पहिल्या वर्षी सत्तर यायची गं तुझी," कारकून गायकवाडबाई हळहळल्या. "सोबत कोण आणलंयस? बोलू दे त्यांना."

सोबत तिचे वडील, आप्पा होते, इस्त्रीचा शर्ट घालून. सगळ्यांचेच आईबाप इथं टोमणे मारायला येत. आप्पांनीही बसमध्ये घोकलं होतं: जाधवांच्या पोरीला नोकरी लागली, तू बस घरात. त्यांनी घसा साफ केला.

"जाधवांची पोरगी..." ते अडखळले. "बाई, माझ्याच्यानं नाही व्हायचं. पोरगी गुणी आहे हो. साठ ठिकाणी अर्ज केलेत. परवा माझी चप्पल तुटली, तर भत्त्यातून नवी आणली तिनं." आणि त्यांनी कौतुकानं पाय पुढे करून दाखवला.

वैभवीची मान खाली गेली. यंत्र एक्क्याण्णववर जाऊन वाजलं.

"जमलं की!" आप्पा खूश झाले. तिला मात्र वर बघवेना.

पुढच्या महिन्यात कार्यालयाच्या दारावर नवी सूचना लागली होती: सोबतच्या नातेवाइकांनी टोमणे मारू नयेत, कौतुक करावे.