उष्टावणाची खीर

भाच्याच्या उष्टावणासाठी सोपानने घरच्या आंबेमोहोराची खीर आणली होती. चांदीचा चमचा त्याने बाळाच्या ओठांशी नेला, तोच बहिणीने त्याचा हात धरला.

"दादा, थांब! ही त्याला पचणार नाही. जन्माआधीच तांदळाच्या कंपनीने त्याची अन्न पचवणारी एन्झाइम बदललीत. आता पोट कधी बिघडायचं नाही, फक्त तांदूळ त्यांचाच लागतो."

"म्हणजे कुलूप पोराच्या पोटाला आणि किल्ली कंपनीच्या खिशात?"

"चिडतोस काय? हल्ली सगळेच करतात." तिने कंपनीच्या तांदळाची खीर पुढे केली. "ही भरव."

आंबेमोहोराच्या वासाने बाळाची लाळ गळत होती. सोपानने चमचा ताटात आदळला.

"मग मला कशाला बोलावलंस? पहिला घास कंपनीच्या साहेबालाच भरवू दे. आजपासून याचा मामा तोच!"