अर्धी गोळी

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक तीन महिन्यांपूर्वीचा, एक कालचा. टीएसएचच्या ओळीवर त्यांनी पेनाचं टोक टेकवलं.

"तेव्हा नऊ होता. आता अडतीस. साडेचारच्या आत हवा. गोळी रोज घेता ना?"

"रोज. पहाटे, उपाशीपोटी," घड्याळजीची बायको म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता, चेहरा सुजला होता. भर उन्हाळ्यात तिने स्वेटर घातला होता.

घड्याळजी शेजारी बसला होता. मागचा रिपोर्ट त्यानेच आणला, त्यानेच वाचला. नऊच्या पुढे वर तोंड केलेला बाण होता. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला तेवढं पुरे झालं. थायरॉईड पुढे पळतोय, मागे आणायला हवा. त्यात डॉक्टरला काय विचारायचं? त्या दिवसापासून तो दुकानातल्या पात्याने गोळीचे दोन तुकडे करू लागला. आज एक, उद्या दुसरा. उरलेला तुकडा स्क्रूच्या डबीत. डबी आत्ताही खिशात होती.

"पण आकडा वाढला म्हणजे थायरॉईड जास्तच झाला ना?" त्याने विचारलं.

"उलटं आहे, काका. हा आकडा म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीची हाक. गळ्यातला थायरॉईड काम करेनासा झाला की ती हाक मारते. तरी तो हलला नाही की ओरडते. अडतीस म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडतेय. नऊ असतानाच दाखवलं असतं, तर मी गोळी वाढवली असती." त्यांनी मान वर केली. "डोस कमी केला का कोणी?"

घड्याळजीने तोंड उघडलं. टेबलाखाली बायकोने पायाने त्याचा पाय दाबला.

"मीच," ती म्हणाली. "म्हटलं, कशाला रोज एवढं औषध."

मग डॉक्टरीणबाई तिला बरंच बोलल्या. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आता दुप्पट दिली तर?" घड्याळजीने विचारलं. "राहिलेलं भरून निघेल."

"मुळीच नाही. हृदयाला झेपणार नाही. लिहून देते तेवढीच, अख्खी. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू. घाई करून उपयोग नाही."

बाहेर जिना उतरताना ती चौथ्या पायरीवर थांबली. धाप लागली होती. दोघं तिथेच बसली.

"अगं, माझं नाव का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर पंधरा दिवस जेवला नसतात. आधीच काय ते काडीसारखं अंग!" तिने हात त्याच्या हातात दिला. हात गार होता. "अहो, बंद घड्याळ घेऊन गिऱ्हाईक आलं की तुम्ही काय सांगता?"

"होईल नीट. वेळ लागेल."

"मग मलाही सांगा ना."

हजारदा म्हटलेलं वाक्य. दुकानात तो ते मान वर न करताच म्हणायचा. आता त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि ते वाक्य काही केल्या तोंडातून निघेना.