कड

टीव्हीवरचा खेळ मध्येच थांबवलेला होता आणि पडद्यावरच्या शिपायाभोवती एक पांढरी, बोचरी कड उमटली होती.

“शार्पनेस जास्त झालाय, ताई,” मी म्हणालो. ती कालच इस्पितळातून घरी आली होती. आमचा जुना खेळ मी तिच्यासाठीच लावला होता.

“मग कमी कर की, इंजिनिअरसाहेब! डोळ्यांत टोचतंय.”

मी सेटिंगमधली शार्पनेसची पट्टी हळूहळू खाली आणली. शिपायाभोवतीची कड विरली. हसून ताईकडे वळलो, तर तिच्या कपाळावरची टाक्यांची खूण दिसेना. हनुवटीवरचा जन्माचा तीळही पुसट होत चालला होता.

घाबरून मी पट्टी पुन्हा वर नेली. शिपाई होता तसा धारदार झाला. तीळ मात्र परतला नाही.

“वर कशाला नेलीस? आता कुठे बरं वाटत होतं.”

“ताई, नको. तू पुसली जातेयस.”

तिने माझ्या हातातून कंट्रोलर अलगद काढून घेतला आणि पट्टी शून्यावर नेली.

“ताई, तू राहणार आहेस ना?”

ती उठली आणि आतल्या खोलीकडे निघाली. ती कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, हे मला सांगता येईना.