सातवी काच

सातवी काच बर्फाच्या डोंगराची होती. ती लागण्याआधीच पुढच्या सतरंजीवरची मुलं गुडघ्यांवर उभी राहिली.

"बसा रे, बसा! मागच्यांनी काय तुमच्या शेंड्या बघायच्या?" बाकावरून जगदेवराव ओरडले. रिसाल्यातून पेन्शनीत निघाल्यापासून लायब्ररीतला जादूच्या कंदिलाचा एकही खेळ त्यांनी चुकवला नव्हता. सातव्या काचेला मात्र तेही काठीवर भार टाकून पुढे वाकत.

बाहेर भर दुपार होती. दिवाणखान्याच्या सगळ्या खिडक्यांवर काळे पडदे सोडले होते. रस्त्यावरचे टांगे पाण्याखालून जात असावेत तसे वाजत होते. मागच्या भिंतीजवळच्या कंदिलातून उजेडाचा झोत निघून समोरच्या पांढऱ्या चादरीवर पडत होता, आणि त्या झोतात धूळ तरंगत होती. इतकी संथ, की ती वर जाते आहे की खाली येते आहे ते कळू नये.

निरुपमा चादरीच्या कडेला उभी होती. तिच्या हातात वडिलांची, भास्करराव मास्तरांची, वही होती. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते. दर महिन्याला काचांवरच्या चित्रांची माहिती तेच सांगत, आधी मराठीत, मग गुजरातीत. लायब्ररीतून निरोप आला होता, 'मास्तरांचं अक्षर तुम्हालाच लागतं, एवढ्या वेळेपुरतं वाचाल का?' सहा काचा तिने वाचल्या. बंदर, पूल, उंटांचा तांडा. आवाज कुठे अडला नाही.

सातव्या काचेला वहीत दोनच ओळी होत्या. बाकीचं मास्तर तोंडी सांगत. 'या डोंगरावर एक माणूस चढतो आहे. तो बघा, काळा ठिपका. मागल्या महिन्यात कुठे होता?' मग मुलं बोटं दाखवून भांडत. इथे होता! नाही, तिथे! आणि माणूस खरोखरच चढलेला असे. खेळाच्या आदल्या दिवशी मास्तर ती काच रुमालात गुंडाळून घडियाळी पोळेच्या गल्लीतल्या घरी आणत, ओल्या बोटाने जुना ठिपका पुसत आणि टाकाच्या टोकाने तीळभर वर नवा ठेवत. काच निरुपमा धरायची. लायब्ररीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

या महिन्यात काच घरी आली नव्हती. मास्तरांनी ठेवलेला शेवटचा ठिपका शिखराच्या थोडा खाली असणार होता. 'आज तो विसाव्याला बसला आहे,' एवढंच सांगायचं तिने ठरवलं होतं. खरं म्हणजे तो ठिपका पाहायलाच ती आली होती.

कंदिलापाशी उभ्या असलेल्या नारायणने काच सरकवली. चादरभर डोंगर उभा राहिला. पायथ्यापासून माथ्यापर्यंत पांढरा. त्यावर काहीच नव्हतं.

मुलं शोधत राहिली. मग पुढे बसलेली प्रेमला म्हणाली, "माणूस कुठाय?"

"पेलो माणस क्यां गयो?" बायकांतून एका म्हातारीने विचारलं.

"कसं लख्ख दिसतंय बघा, ताई!" मागून नारायणचा आवाज आला. त्याच्या हातात हे काम नुकतंच आलं होतं. "सगळ्या काचा स्पिरिटनं पुसून काढल्या. एक डाग ठेवला नाही."

जगदेवरावांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "गप रे, नारायण," ते हळूच म्हणाले. मग काठीवरचे हात त्यांनी मांडीवर घेतले आणि ते चादरीकडे पाहीनात.

"पडला असेल," एक मुलगा म्हणाला.

"बर्फात?"

"मग काय. एवढ्या वरून पडला म्हणजे..."

"ताई, पडला का हो तो?" प्रेमलाचा आवाज चिरकला.

निरुपमाने वहीत पाहिलं. डोंगर कुठल्या मुलखात आहे आणि किती फूट उंच आहे, एवढंच तिथे होतं. तिने हात वर करून चादरीवर दोन बोटं टेकली, ठिपका असायला हवा होता तिथे. बर्फ गार नव्हतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं मांजरपाट होतं. तिच्या हाताची सावली उतारावर पडली.

"पडला नाही," ती म्हणाली. "माथ्यावर पोचला आणि पलीकडे उतरला. डोंगराला दुसरी बाजू असते."

गुजरातीत सांगायचं ती विसरली. पण म्हातारी "हा, हा, उतरी गयो," असं पुटपुटली आणि तिने शेजारणीलाही तेच सांगितलं.

प्रेमला विचारात पडली होती. "मग ती बाजू दाखवा ना."

"ती काच आपल्या लायब्ररीत नाही."

"महाराजांना सांगा," प्रेमला म्हणाली. "ते विलायतेहून सगळं मागवतात."

कुणी हसलं नाही. नारायण आठवी काच हातात धरून निरुपमाच्या खुणेची वाट पाहत होता. तिने वही मिटली. झोतातली धूळ डोंगरावरून संथ जात राहिली, आणि बराच वेळ तिने खूण केली नाही.