करडं बटण

"मग तुमचाच हात ठेवा की पात्याखाली," मावशी म्हणाल्या.

छापखान्यातले सगळे यंत्राभोवती जमले होते. कागद कापायच्या याच यंत्रानं मावशींची दोन बोटं नेली होती. त्यानंतर मालकांनी या भावा-बहिणीला बोलावून यंत्र संगणकावरून चालवायचा नवा प्रोग्राम लिहून घेतला. कमांड दादाच्या, पडद्यावरची मांडणी धाकटीची.

"पात्यापुढची जाळी उघडी असली, की पडद्यावरचं 'कापा' हे बटण आपोआप बंद होतं," दादानं पुन्हा समजावलं. "निळ्याचं करडं पडतं. मग कितीही दाबा, पातं हलायचं नाही."

"तोंडानं सगळेच सांगतात. मागच्या प्रोग्रामवाल्यानंही असंच सांगितलं होतं."

मालकांनी दादाकडे पाहिलं. मावशी यंत्रावर उभ्या राहिल्या नाहीत, तर दुसरं कुणीही राहणार नव्हतं.

दादानं बाही वर सारली.

"वेडेपणा करू नकोस," धाकटी त्याच्या कानाशी पुटपुटली. "ती कमांड तू आज सकाळीच बदललीयस."

"आणि तपासलीयसुद्धा. जा, केबिनमध्ये बस. मी म्हटलं की दाब."

केबिन काचेची होती, पण संगणकाची पाठ सगळ्यांकडे होती. दादानं जाळी वर केली आणि पात्याखाली तळहात टेकवला. खालचं पोलाद गार होतं. त्याच्या कपाळावर मात्र घाम आला.

"दाब!"

काचेआड धाकटी पडद्याकडे बघतच राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अगं दाब ना! भावावर भरवसा नाही का?"

मावशींनी डोळे गच्च मिटले.

उघड्या दारातून माउसचा टिक् असा आवाज आला. पातं जागचं हललं नाही.

दादानं हात बाहेर काढून पाचही बोटं नाचवून दाखवली. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मालकांनी त्याची पाठ थोपटली.

"जिंकलास रे बाबा," मावशी म्हणाल्या. डोळे पुसत त्या यंत्रापाशी आल्या, कोऱ्या कागदांचा गठ्ठा उचलला आणि पात्याखाली सरकवायला वाकल्या. तेवढ्यात धाकटी धावत बाहेर आली आणि तिनं त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"आता काय झालं?" दादानं हसत विचारलं.

तिनं मावशींना यंत्रापासून मागे ओढलं.

"बटण निळंच होतं, दादा. मी शेजारी क्लिक केलं."