पिंपळझरीची विहीर

“नेहा, हे पान काढून टाक,” आत्माराम सर म्हणाले. “कंपनी आपल्याला रिपोर्ट लिहायला देते ती गॅस निघावा म्हणून. निघू नये म्हणून नाही.”

“पण सर, विहीर आटणार हे खरंय.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणतेय.”

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात असं उत्तर कोणी देत नसे. तिथं मोठमोठ्या प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल तयार होत. तयार होत म्हणजे जुन्या अहवालातलं तालुक्याचं नाव बदललं जाई. उंटावरून शेळ्या हाकायला उंट तरी कशाला, खुर्ची पुरते, असं सरांचं एकूण धोरण होतं. नेहाही इतकी वर्षं तेच करत आली होती. या खेपेला मात्र तिचं मन अडून बसलं.

प्रकल्प यवतमाळकडे, पिंपळझरी नावाच्या गावी होता. जमिनीखालच्या कोळशाच्या थरात गॅस अडकून असतो. तो सुटावा म्हणून आधी त्या थरातलं पाणी उपसावं लागतं, आणि वर येणारं ते पाणी खारट असतं. दोन हजार पाच साली हे सगळं आपल्याकडे नवंच होतं. बोअर घ्यायचे ठरले होते ते नेमके गावच्या विहिरीला लागून.

खारट पाणी म्हणजे काय, हे मीरा रोडला कोणाला शिकवावं लागत नाही. नेहाच्या बिल्डिंगच्या बोअरचं पाणी तोंडात घेववत नसे, पिण्याचं पाणी टँकरनं येई. अशा घरातल्या मुलीला अख्ख्या गावाचं गोडं पाणी जाणार म्हटल्यावर स्वस्थ कसं बसवेल?

त्यात भर पडली भीमाबाई आजींची. आजी समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. त्यांचा मुलगा लोकेश विमा कंपनीत अधिकारी. आजी मूळच्या पिंपळझरीच्या निघाल्या तेव्हा नेहा हरखूनच गेली. बसल्या जागी गावचं माणूस भेटलं. मग ती रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊ लागली. हॉलमधल्या तसबिरींना हार घालता घालता आजी बोलत.

“आजी, विहीर कशी होती हो?”

“लय मोठी. काळ्या दगडाची. वरतं लिंबाचं झाड. उन्हाळ्यातई आटे नाई. गावात म्हनत, असं गोड पानी साऱ्या तालुक्यात नाई.”

“तुम्ही रोज जायचात?”

“मंग! सकाळपासून बसून राहो तिथं. बाया पानी शेंदत, हसत, बोलत.”

“आणि तुम्ही?”

“मी कधी दोर नाई धरला, पोरी.” आजी हसल्या. “दुसऱ्याच बाया ओतून देत वरून. त्याइच्या मनाले आलं का.”

लाडाची लेक असणार, नेहाला वाटलं. तिला रत्नागिरीची स्वतःची आजी आठवली. तीही विहिरीचं नाव काढलं की अशीच कुठेतरी हरवून जायची. नेहाचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सरांनी दार लावून घेतलं.

“ते पान राहिलं तर तू राहणार नाहीस. समझी?”

“मी एकदा गावात जाऊन येते, सर. काहीतरी तोड काढते.”

“जा. पण गॅस निघाला पाहिजे.”

कंपनीच्या जीपमधून ती पिंपळझरीला गेली. सरपंचांनी पोहे खाऊ घातले आणि विहिरीवर नेलं. आजींनी सांगितलं तस्संच सगळं होतं, काळा दगड, लिंबाचं झाड, शेंदणाऱ्या बाया. एकीनं तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. ते खरोखर गोड होतं.

“नकाशात ओढा दिसतो, त्याच्या अंगाला काय आहे?” नेहानं विचारलं.

“तिकडे गाव नाही, मॅडम,” सरपंच म्हणाले. “गाव इथं.”

तिनं जीपमधूनच तिकडे पाहिलं. वाळू होती, बाभळी होत्या. बाभळींच्या मागून थोडा धूर निघत होता. कोणीतरी पालापाचोळा जाळत असेल.

परत येऊन तिनं नवा नकाशा काढला. बोअर विहिरीपासून लांब, ओढ्याच्या अंगाला. उपसलेल्या खारट पाण्याची तळीही तिकडेच. कंपनीला काहीच फरक पडत नव्हता, कोळशाचा थर तिथंही होता. सर तर एवढे खूश झाले की पहिल्यांदाच त्यांनी तिचं पान जसंच्या तसं ठेवलं. जनसुनावणी विहिरीजवळच्या लिंबाखाली झाली. कोणीही हरकत घेतली नाही.

मंजुरी आली त्या संध्याकाळी नेहा पेढे घेऊन आजींकडे धावली. आपल्या हातून आयुष्यात एक तरी काम नीट झालं, याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

“आजी, तुमची विहीर वाचली! गावाचं पाणी आता कुठं जात नाही.”

“बरं झालं, माय.” आजींनी पेढा हातात घेतला. “मंग ते बोअर कुठं मारतीन?”

“ओढ्याकडे. खारट पाणीही तिकडेच सोडतील. तिकडे कोणी पाणी भरत नाही ना.”

आजींनी पेढा डब्यात परत ठेवला. त्या उठल्या, तसबिरीवरचा सरकलेला हार त्यांनी सारखा केला, आणि तिच्याकडे न बघताच बोलल्या.

“आमची वस्ती तिकडंच हाय, पोरी. इहिरीचा दोर आमाले कोन धरू देत होतं? ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून पानी भरो आमी. माहा भाऊ अजूनई तेच पेते.”