दुसरं गिऱ्हाईक

दुकानाच्या नावाची वेबसाइट झाली असती, तर चष्मेवाल्याला महिन्याला चार-पाच गिऱ्हाइकं जास्त मिळाली असती. फायदा काय तो एवढाच. पण ते नाव एका डोमेन दलालाने, म्हणजे वेबसाइटची नावं घेऊन विकणाऱ्याने, आधीच अडवून ठेवलं होतं, आणि न विचारता त्याचाच मेल आला: आठ हजार. चष्मेवाल्याने सहा कळवले. उत्तर आलं, "दुसरं गिऱ्हाईक नऊ देतंय."

"थापाड्या! माझ्या दुकानाचं नाव दुसऱ्या कुणाला कशाला हवंय?" असं ओरडून त्याने रागाच्या भरात दहा कळवले. दलाल म्हणाला, तिकडून अकरा आलेत. आठवडाभर टेबलावर मुठी आपटत चष्मेवाला वीसपर्यंत चढला. आज मेल आला, "नाव एकवीसला विकलं."

तो शिव्या घालत उठला, तशी बायको आतून आली.

"अहो, ओरडताय काय? नाव मिळालं आपल्याला! तुम्ही त्याच्याशी भांडतच बसला असता, म्हणून नाव हातचं जाऊ नये म्हणून मीच माझ्या मेलवरून आठाच्या वर थेट नऊ कळवले आणि पुढे बोली लावत राहिले. कोण मेला सारखा भाव चढवत होता कुणास ठाऊक, पण मी काही हटले नाही."

ज्याला थापाड्या म्हटलं, त्या दलालाने आठवडाभरात एकही थाप मारली नव्हती. एकवीस हजार गेले, ते नवरा-बायकोच्या सामाईक खात्यातून.